वादळाला काय द्यायचं? इत्सुकुशिमा देवळाचं प्रकरण

७ सप्टेंबर २००४. त्या वर्षीचा १८ क्रमांकाचा टायफून सकाळी नागासाकीजवळ जमिनीवर आला आणि क्यूशू बेट ओलांडून जपान समुद्रात शिरला. हिरोशिमाच्या वेधशाळेत त्या दिवशी वाऱ्याचा सर्वांत जोरदार झोत नोंदला गेला तो सेकंदाला ६०.२ मीटरचा, म्हणजे ताशी जवळपास २१७ किलोमीटर. शहराच्या नैर्ऋत्येला मियाजिमा नावाचं बेट आहे. तिथल्या खाडीत, भरतीला पाण्यात उभं राहणारं इत्सुकुशिमाचं शिंतो देऊळ या वाऱ्याच्या आणि चढलेल्या समुद्राच्या मधोमध सापडलं.

वादळ सरल्यावर दिसलं ते असं. समोरच्या मोकळ्या मंचावरची डावी वादकशाळा भुईसपाट झाली होती. ओवऱ्यांच्या जमिनीच्या फळ्या उचकटल्या होत्या. छपरांवरची झाडाची साल ठिकठिकाणी उडाली होती. 'नो' नावाच्या पारंपरिक जपानी नाटकांच्या रंगमंचालाही मार बसला होता. जपान सरकारने 'राष्ट्रीय ठेवा' म्हणून जाहीर केलेल्या वास्तुसमूहाची ही अवस्था. गाभारा मात्र जागेवर होता.

नुकसानीची ही यादी मला महत्त्वाची वाटते ती तिच्या क्रमामुळे. समुद्राच्या बाजूला जे हलकं आणि कमी मोलाचं, ते गेलं. डोंगराच्या बाजूला जे जड आणि पवित्र, ते राहिलं. हा योगायोग असता तर एकदाच घडला असता. इथे तो पुन्हा पुन्हा घडलेला आहे.

पाण्यात का?

हिरोशिमा उपसागरातलं हे बेट सुमारे ३० चौरस किलोमीटरचं. मधोमध ५३५ मीटर उंचीचा मिसेन डोंगर आणि त्यावर दाट जंगल. परंपरा सांगते की पहिलं देऊळ सन ५९३ मध्ये साएकी नो कुरामोतो नावाच्या स्थानिक सरदाराने बांधलं. आज दिसतो तो आराखडा मात्र बाराव्या शतकातला. ताइरा नो कियोमोरी हा त्या काळातला सर्वांत बलाढ्य सरदार. हे बेट ज्यात येतं त्या आकी प्रांताचा कारभार त्याच्याकडे आला आणि सेतो अंतर्समुद्रातल्या व्यापारावर त्याची सत्ता उभी राहिली. जहाजांचं रक्षण करणारी दैवतं त्याला हवीच होती. ११६८ च्या सुमारास त्याच्या आश्रयाने देवळाला आजचं भव्य रूप आलं.

बेट सगळंच देव. नुसता डोंगराचा माथा किंवा एखादी शिळा नव्हे, अख्खी जमीन. आपल्याकडे देवराईतली फांदीसुद्धा तोडत नाहीत, तोच नियम इथे पूर्ण बेटाला लागू होता असं समजा. मग देवाच्या अंगावर पाया खणायचा कसा? तोडगा निघाला तो भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, म्हणजे जी जागा धड जमीन नाही आणि धड समुद्रही नाही तिथे बांधायचा. बेटाचं पावित्र्य जपण्यासाठी माणसांवरही बंधनं होती. बाळंतपण जवळ आलं की बाईला होडीने पलीकडच्या किनाऱ्यावर न्यायचे, मेलेल्यालाही पलीकडेच न्यायचे. बेटावर आजही स्मशान नाही. १५५५ मध्ये मोरी मोतोनारी या सरदाराने सुए हारुकाता या दुसऱ्या सरदाराच्या सैन्याचा इथेच धुव्वा उडवला. जिंकल्यावर त्याने प्रेतं पलीकडे हलवली, रक्ताने माखलेली माती काढून समुद्रात टाकायला लावली आणि देवळाचा भाग धुऊन घेतला. विजयापेक्षा विटाळाची चिंता मोठी होती, यावरून जागेचा दरारा कळतो.

मराठी वाचकासाठी इथे एक ओळखीचा चेहराही आहे. देवळातल्या तीन समुद्रदेवतांपैकी इचिकिशिमाहिमे हिला पुढे बौद्ध परंपरेतल्या बेंझाइतेनशी एकरूप मानलं गेलं. बेंझाइतेन म्हणजे भारतातून चीनमार्गे गेलेली आपली सरस्वती, हातात वीणेऐवजी बिवा नावाचं वाद्य घेतलेली. १८६८ नंतर मेइजी सरकारने शिंतो आणि बौद्ध धर्म वेगळे करायला लावले, तेव्हा ही मूर्ती देवळातून शेजारच्या दाइगान्जी मठात गेली. आजही ती तिथेच आहे. देऊळ पाहून निघणारे बहुतेक लोक मठावरून सरळ पुढे जातात.

समुद्राकडून आत येताना

ही वास्तू समजून घ्यायची तर जमिनीकडून न येता होडीतून यावं लागतं. पूर्वीचा भाविक तसाच यायचा.

सर्वांत पुढे, देवळापासून सुमारे २०० मीटर अंतरावर, समुद्रात उभी आहे ती मोठी तोरी, म्हणजे शिंतो प्रवेशकमान. हिची उंची साधारण १६.६ मीटर, वरच्या आडव्या तुळईची लांबी २४ मीटरच्या आसपास आणि वजन ६० टनांच्या घरात. आजची कमान १८७५ ची. कियोमोरीच्या काळापासून धरली तर ही आठवी. दोन मुख्य खांब कापराच्या झाडाचे आहेत. या लाकडाला किडीचा आणि कुजण्याचा त्रास त्यातल्या त्यात कमी. प्रत्येक मुख्य खांबाला पुढे-मागे एकेक सुगीचा, म्हणजे जपानी देवदाराचा, आधारखांब आहे. असे एकूण सहा पाय.

आता गंमत ऐका. यातला एकही पाय जमिनीत गाडलेला नाही. गाळात पाइनच्या मेखा दाटीवाटीने ठोकल्या आहेत, त्यावर दगडी बैठक आणि त्यावर कमान नुसती ठेवलेली. ती उभी राहते ती स्वतःच्या वजनावर. ते वजन अपुरं पडू नये म्हणून वरची तुळई पेटीसारखी पोकळ केली आहे आणि आत काही टन गोटे भरले आहेत. खांब आणि तुळया जिथे भेटतात तिथे लाकडी पाचरा आहेत. लाट किंवा भूकंप आला की सांधा थोडा सरकतो आणि परत बसतो. घट्ट जखडलेला सांधा असता तर पहिल्याच मोठ्या धक्क्याला लाकूड चिरलं असतं.

कमानीच्या आत उथळ पुळण आहे. उधाणाच्या दिवसांत इथे भरती-ओहोटीत ४ मीटरपर्यंत फरक पडतो. त्यामुळे सकाळी पाण्यावर तरंगणारी कमान दुपारी चालत जाऊन हात लावता येईल अशी असते. पर्यटक याकडे दोन वेगवेगळे फोटो म्हणून पाहतात. लाटेच्या दृष्टीने पाहिलं तर खोल पाण्यातून आलेली लाट या उथळ पट्ट्यावर घासत, मोडत येते आणि देवळापर्यंत पोचेस्तोवर तिचा बराच दम गेलेला असतो. देऊळ खाडीच्या अगदी पोटात आहे, पाठीशी डोंगर, समोर अरुंद सामुद्रधुनी आणि पलीकडे मुख्य भूमी. जागा निवडणाऱ्याला लाटांची गणितं येत नसतील, पण त्याला कोळ्याची नजर होती.

मग येतो तो मोकळा मंच. समुद्राकडचं टोक चिंचोळं होत पुढे गेलेलं, तिथे ब्राँझचा दीप. हा मंच दोनशेहून जास्त दगडी खांबांवर आहे. ते मोरी घराण्याने दिले असं सांगतात. मंचाच्या मध्यावर छोटा उंच चौथरा आहे, बुगाकु या दरबारी नृत्यासाठी. तो १५४६ चा. दोन बाजूंना दोन वादकशाळा. त्यांच्या मागे शुद्धीचा मंडप, मग भक्तांचा मंडप, मग नैवेद्याची जागा आणि शेवटी गाभारा. समुद्राकडून डोंगराकडे जाताना छप्पर मोठं होत जातं, खांब जाड होतात आणि माणसांना मुभा कमी होत जाते.

या सगळ्याला दोन्ही बाजूंनी जोडणाऱ्या ओवऱ्या अडीचशे मीटरहून लांब आहेत. सरळ नाहीत, काटकोनात वळत वळत जातात. शेंदरी खांब, दोन्ही बाजू उघड्या, वर सालीचं छप्पर. सरदारांच्या वाड्यापुढे तळं आणि तळ्याकडे जाणाऱ्या ओवऱ्या ही त्या काळातल्या क्योतोच्या उमरावांची शैली. कियोमोरीने तळ्याच्या जागी समुद्र वापरला, एवढाच फरक. पण हा 'एवढाच' फरक सांभाळणं पुढच्या प्रत्येक पिढीला महागात पडलेलं आहे.

फळ्यांमधली फट

ओवरीत उभं राहून खाली पाहिलं की फळ्यांमध्ये बोटभरही नाही अशी फट दिसते आणि तिच्यातून हलणारं पाणी. दोन खांबांच्या मधल्या प्रत्येक गाळ्यात ८ फळ्या. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, लाकूड वाळून आकसलं असेल. तसं नाही. फट मुद्दाम ठेवलेली आहे.

पाणी जमिनीच्या पातळीवर चढलं की खालून वर ढकलणारा दाब तयार होतो. अख्खा मंच एकसंध असता तर तो दाब सगळा मंचच उचलायला पाहील. फटीतून पाणी वर येऊ दिलं की दाब तिथेच मोकळा होतो. ओहोटी लागली की तेच पाणी त्याच वाटेने परत जातं. बंदराच्या धक्क्यांवर आजही याच कारणासाठी भोकं ठेवतात.

यापलीकडे जाऊन 'प्राचीन जपानी कारागिरांनी वादळावर मात केली' वगैरे जे लिहिलं जातं ते मला पटत नाही. फट हळू चढणाऱ्या पाण्यासाठी उत्तम. उसळत्या लाटेपुढे ती पुरत नाही. २००४ मध्ये फळ्या उचकटल्याच. मात्र उचकटलेली फळी ही उचकटलेली फळीच असते, ती गोळा करून परत बसवता येते. खांब आणि तुळई जागेवर राहतात. ही जमीन वादळ झेलत नाही, ती वादळाला अंगावरून जाऊ देते आणि त्यापायी स्वतःचा थोडा भाग देऊन टाकते.

तीन वादळं

२००४ च्या आधीच्या दोन वादळांकडे पाहिलं की चित्र स्पष्ट होतं. सप्टेंबर १९९१ मध्ये १९ क्रमांकाचा टायफून, सप्टेंबर १९९९ मध्ये १८ क्रमांकाचा. तिन्ही वेळा वाट जवळपास एकच: पश्चिम क्यूशूवर धडक आणि मग जपान समुद्राकडे. अशा वेळी हिरोशिमा वादळाच्या वाटेच्या उजव्या अंगाला येतं. उत्तर गोलार्धात टायफूनचा जास्त घातक भाग हाच, कारण फिरणाऱ्या वाऱ्याच्या वेगात वादळाच्या पुढे सरकण्याचा वेग मिसळतो. टायफून पूर्वेकडून, शिकोकू बेटावरून गेला तर देऊळ वाटेच्या डाव्या, कमी घातक अंगाला येतं. पश्चिमेकडून गेला की भोगावं लागतं.

१९९१ मध्ये नो रंगमंच कोसळला. जपानमधला समुद्रावर बांधलेला हा एकमेव नो रंगमंच. आजचा आराखडा १६८० चा, असानो या सरदार घराण्याने बांधलेला. नो रंगमंचाखाली एरवी मोठे रांजण पुरतात, नटाच्या पायाचा आवाज घुमावा म्हणून. इथे खाली समुद्र, रांजण ठेवणार कुठे? म्हणून रंगमंचाची सगळी जमीनच एका मोठ्या ढोलाच्या पानासारखी आवाज घुमवेल अशी केली आहे. अशी बांधणी हलकी असते आणि हलकी चीज वादळाला प्रिय. तीन वर्षांत, १९९४ मध्ये, तो परत उभा राहिला. आज दर एप्रिलला १६ ते १८ तारखांना त्यावर देवापुढे नोचे प्रयोग होतात.

१९९१ मध्ये रंगमंच, २००४ मध्ये वादकशाळा. दोन्ही गाभाऱ्यापासून दूर, पाण्याच्या काठाला, आकाराने लहान. बाराव्या शतकात कुणी बसून 'आधी हे पडेल, मग ते पडेल' असा तक्ता केला असेल असं मला वाटत नाही. देऊळ १२०७ आणि १२२३ मध्ये आगीत गेलं, ठिकठिकाणचे भाग लाटांनी नेले, गाभारा १५७१ मध्ये मोरी मोतोनारीने नव्याने बांधला. प्रत्येक पुनर्बांधणीच्या वेळी सुतारांना कळत गेलं की जड काय ठेवायचं, हलकं काय ठेवायचं आणि कुठे. आठ शतकांच्या पडझडीतून गाळून आलेला हा आराखडा आहे. एका माणसाची प्रतिभा म्हणून त्याचं कौतुक करण्यापेक्षा हे मला जास्त रोचक वाटतं.

दुरुस्ती हीच रचना

वादळानंतर डाव्या वादकशाळेचं काय केलं? परत बांधली. वाक्य सोपं आहे, पण त्यामागे काय काय लागतं ते पाहा.

छपराचंच घ्या. इथली मुख्य छपरं हिनोकीच्या, म्हणजे जपानी सायप्रसच्या, सालीची आहेत. साल काढतात ती जिवंत झाडावरून, तीही साधारण सत्तरीच्या पुढच्या झाडावरून. कारागीर दोराच्या आधाराने झाडावर चढतो आणि लाकडी पाचरीने वरची साल सोडवत नेतो. आतल्या थराला धक्का न लावण्यात सगळं कसब आहे. झाड मरत नाही, ८-१० वर्षांनी पुन्हा साल देतं आणि ही दुसऱ्या खेपेची साल पहिलीपेक्षा चांगली मानतात. मग ती साल सारख्या मापात कापायची, पातळ थरांत एकावर एक सरकवत रचायची आणि बांबूच्या खिळ्यांनी ठोकायची. शाकारणारा माणूस खिळे तोंडात धरतो, जिभेने एकेक पुढे आणतो आणि हातोडीच्या एका लयीत बसवत जातो. असं छप्पर ३०-४० वर्षं टिकतं. म्हणजे वादळ आलं नाही तरी दर पिढीला हे काम निघणारच.

खांबांचंही तेच. खालचा भाग रोज भिजतो, वाळतो, शिंपले धरतो आणि कुजतो. पूर्ण खांब बदलत नाहीत. कुजलेला भाग कापून त्या जागी नवं लाकूड सांध्याने जोडतात. त्यामुळे एकाच खांबात वर जुनं आणि खाली नवं लाकूड अशी सरमिसळ असते. तोरीच्या मुख्य खांबांची मुळं १९५०-५१ च्या दुरुस्तीत अशीच बदलली. रंगाच्या खाली जोडाची रेघ शोधली तर सापडते.

पाश्चात्त्य वारसा-विचार अशा वास्तूपुढे बराच काळ गोंधळलेला होता. मूळ दगड म्हणजेच मूळ इमारत असं मानणाऱ्याला बदललेली फळी 'नकली' वाटणारच. १९९४ मध्ये जपानमधल्या नारा शहरात तज्ज्ञांनी एक दस्तऐवज मान्य केला, की अस्सलपणा प्रत्येक संस्कृतीच्या चौकटीत तपासायचा, एकाच फूटपट्टीने नाही. दोन वर्षांनी, १९९६ मध्ये, इत्सुकुशिमा जागतिक वारसा यादीत आलं. २०२० मध्ये युनेस्कोने जपानच्या लाकडी वास्तूंच्या जतनाची पारंपरिक कौशल्यंच अमूर्त वारशाच्या यादीत घातली आणि त्यात सालीची छपरं शाकारण्याचं कौशल्यही आलं. माझ्या मते या प्रकरणातला खरा वारसा लाकडापेक्षा तो सालकऱ्याचा हात आहे. हा हात कमी झाला तर पुढची वादकशाळा पडेल आणि तशीच राहील. कारागीर वय झालेले आणि नवे शिकाऊ थोडे, ही जपानमधली जुनीच डोकेदुखी आहे.

पाठीमागून आलेला शत्रू

सगळे समुद्राकडे पाहतात. १९४५ मध्ये देवळाचा घात डोंगराने केला.

१७ सप्टेंबर १९४५. अणुबॉम्ब पडून सहाच आठवडे झाले होते. माकुराझाकी टायफून नावाने ओळखल्या जाणाऱ्या वादळाने हिरोशिमा प्रांतात दोन हजारांहून अधिक माणसं गेली. वेधशाळा, रस्ते, दवाखाने, काहीच धड उरलेलं नव्हतं. मिसेनच्या उतारावरून मोमिजिदानी ओढ्याने दगड, माती आणि झाडं असा लोंढा खाली आणला आणि तो देवळाच्या आवारात शिरून फळ्यांच्या जमिनीखालच्या जागेत भरला. पाण्यासाठी सोडलेली जागा गाळाने बुजली. लाटेला मार्ग देणारी रचना दगडगोट्यांपुढे हतबल होती.

त्यानंतर जे केलं ते मला या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत हुशारीचं काम वाटतं. ओढ्यावर दरड थांबवणारे बांध घालायचे होते, पण जागा देवाची, मेपलच्या झाडांसाठी प्रसिद्ध आणि सरकारी संरक्षणाखालची. १९४८ ते १९५० च्या दरम्यान बांध उभे राहिले ते बागकाम करणाऱ्यांना सोबत घेऊन. नियम ठरले: मोठे धोंडे फोडायचे नाहीत, त्यांना टाकी लावायची नाही, झाडं तोडायची नाहीत, बाहेरून दगड आणायचे नाहीत, काँक्रीट डोळ्यांना दिसू द्यायचं नाही. लोंढ्याने आणलेलेच धोंडे रचून लहान लहान धबधबे आणि कुंडं केली. शरद ऋतूत लाल पानांखाली फोटो काढणाऱ्या लोकांच्या पायाखाली हा आपत्तिनिवारणाचा प्रकल्प आहे, आणि बहुतेकांना पत्ताही नसतो. २०२० मध्ये त्याला महत्त्वाच्या सांस्कृतिक ठेव्याचा दर्जा मिळाला. युद्धोत्तर काळातलं स्थापत्य अभियांत्रिकीचं काम असूनही.

२००५ च्या सप्टेंबरमध्ये, म्हणजे वादकशाळा पडल्याला जेमतेम वर्ष होतंय तोवर, १४ क्रमांकाच्या टायफूनमध्ये शेजारच्या शिराइतो ओढ्याला दरड आली. एकाच ओढ्याला वेसण घालून भागत नाही.

परांचीतली साडेतीन वर्षं

जून २०१९ मध्ये समुद्रातली कमान परांचीत गुंडाळली गेली. सत्तर वर्षांतली सर्वांत मोठी दुरुस्ती. रंग खरवडला, तुळईवरचं छप्पर उघडलं आणि आतली अवस्था बाहेरून दिसत होती त्यापेक्षा वाईट निघाली. वाळवी लागलेली, आतून कूज. कापराच्या लाकडालासुद्धा. काम लांबत गेलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये कमान पुन्हा मोकळी झाली. मधल्या काळात महामारीमुळे बेटावर तशीही फारशी माणसं नव्हती, त्यामुळे 'इतक्या लांबून आलो आणि पडदा बघून चाललो' म्हणणारे कमी राहिले.

या दुरुस्तीतली एक बाब मात्र चीड आणणारी. ओहोटीला चालत जाणारे लोक खांबांच्या चिरांमध्ये नाणी खुपसतात. नशीब उजळावं म्हणून. नाण्याने चीर रुंदावते, पाणी आत जातं, आणि पाण्यामागून बाकी सगळं. ज्या कमानीने वादळं झेलली तिला भाविकांच्या सुट्ट्या पैशांपासून वाचवायला फलक लावावे लागतात.

ऑक्टोबर २०२३ पासून बेटावर येणाऱ्या पाहुण्याला १०० येन कर आहे. तो बेटावर येणाऱ्या गर्दीचा भार उचलण्यासाठी. रक्कम किरकोळ आहे, पण बेटावर राहणाऱ्या थोड्या लोकांनीच सगळा खर्च उचलावा ही अपेक्षा तरी थांबली.

पातळीचा प्रश्न

आता जे राहिलं आहे त्याला सुतारकामात उत्तर नाही.

ओवऱ्यांवर पाणी चढणं नवं नाही. उधाण, कमी वायुदाब आणि वारा एकत्र आले की पाणी फळ्यांवर यायचंच, आणि देऊळ काही तासांपुरतं बंद ठेवायचं. पण २००० नंतरच्या दशकात असे दिवस वाढले. संपूर्ण आराखडा ज्या गृहीतावर उभा आहे ते म्हणजे समुद्राची सरासरी पातळी. जमिनीची उंची, फटींचं माप, कुठली इमारत पाण्याच्या किती पुढे, हे सगळं त्या एका रेघेवरून ठरलेलं. रेघच वर सरकू लागली तर आधी द्यायचं आणि नंतर द्यायचं यातलं अंतर कमी होत जातं.

पर्याय तसे तीनच. पहिला, देवळाची फळ्यांची जमीन उचलायची. खांब वाढवून सगळं देऊळ हातभर वर घेता येईल, तंत्र अवघड नाही. पण ओहोटीला पुळणीवरून आणि भरतीला होडीतून दिसणारं प्रमाण बिघडेल, आणि पायऱ्या, पूल, ओवऱ्यांची टोकं सगळीच जमिनीशी नव्याने जुळवावी लागतील. दुसरा, समोर लाटरोधक घालायचा. मग कमान आणि देवळाच्या मधल्या मोकळ्या पाण्याला अर्थ उरत नाही, शिवाय गाळ कुठे साचेल ते सांगता येत नाही. तिसरा, काही न करता जास्त वेळा दुरुस्ती करायची. आजवर प्रत्यक्षात हाच चालू आहे.

मला विचाराल तर पुढची काही दशकं तिसराच बरा, मात्र त्याची किंमत उघडपणे मोजून. वादकशाळा दर काही दशकांनी एकदा पडते असं धरून चालत आलेली व्यवस्था ती दर दहा वर्षांनी पडू लागली तर कोसळेल, आणि आधी कमी पडेल ती साल. ७० वर्षांचं हिनोकीचं झाड मागणी वाढली म्हणून लवकर मोठं होत नाही. तेव्हा बांध घालायचा की नाही यावर वाद घालण्याआधी साल देणारी जंगलं आणि ती काढणारी माणसं यांच्यासाठी पैसा लावायला हवा. जमीन उचलण्याचा विचार त्यानंतर, आणि तोही आधी एखाद्या ओवरीच्या टोकाच्या काही गाळ्यांवर करून पाहून. गाभाऱ्याला हात शेवटी.